पोर्ट वाइन घालून केलेला स्वयंपाक: आठ महिन्यांनंतर

स्वयंपाकासाठी म्हणून पोर्ट वाइनची पहिली बाटली उघडली, त्याला आठ महिने झाले. सणाची तीन मोठी जेवणं आणि भेट द्यायच्या वीसेक बरण्या तेवढ्यात झाल्या. आता ही बाटली माझ्या स्वयंपाकघरातून हलणार नाही. तिची साखर ओळखायला मात्र वेळ लागला.

पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यात ही वाइन करताना द्राक्षरस पूर्ण आंबू देत नाहीत. मध्येच द्राक्षांपासूनच काढलेलं 77 टक्के अल्कोहोलचं स्पिरिट ओततात. आंबणं थांबतं आणि फळाची बरीच साखर तशीच राहते, लिटरमागे साधारण 100 ग्रॅम. हे माहीत नव्हतं, म्हणून पहिल्या सॉसमध्ये साध्या रेड वाइनच्या सवयीने वर दोन चमचे साखर घातली आणि आच मोठी ठेवली. थोड्याच वेळात तळाशी गोळीबंद पाक आणि घरभर करपल्याचा वास! पाहुणे यायला तासभर उरलेला, फार वाईट वाटलं.

आता मांस भाजलं की त्याच पातेल्यात बारीक चिरलेला कांदा परतते, 300 मिली रुबी पोर्ट (लालभडक, ताज्या फळांच्या चवीचा प्रकार) ओतते आणि मंद आचेवर 100 मिलीपर्यंत आटवते. सुरुवातीला नाकात झोंबणारी वाफ येते, बुडबुडे बारीक असतात. ते मोठे, संथ, चकचकीत झाले आणि चमच्याच्या पाठीवर बोटाने ओढलेली रेघ टिकली, की लगेच गॅस बंद. गार होताना सॉस आणखी आळतो. मग मीठ, मिरी, थंड लोण्याचा तुकडा आणि लिंबू पिळायचंच, नाहीतर नुसता गोडवा जिभेवर बसतो. पातेलं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियममध्ये केला तेव्हा धातूची चव उतरली होती.

सॉसला आणि नाशपाती शिजवायला रुबी. लाकडी पिंपात मुरलेल्या टॉनीला अक्रोड-कॅरमलसारखी चव असते, ती सुक्यामेव्याला छान. एकाच खास वर्षाच्या द्राक्षांची महागडी व्हिंटेज उकळू नका, जीव हळहळतो. उघडलेली रुबी फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे चांगली राहते, टॉनी त्याहून जास्त.

सगळ्यात कौतुक झालं ते अंजिरांचं. 250 ग्रॅम सुकी अंजिरं, 300 मिली टॉनी, दालचिनीचा तुकडा, संत्र्याची साल. दहा मिनिटं मंद उकळी, गरमच उकळलेल्या बरणीत भरायचं, गार झाल्यावर फ्रिजमध्ये. आठवड्याने अंजिरं टपोरी होतात, रस मधासारखा दाट.

शिजवल्यावर अल्कोहोल सगळं उडून जातं असं मीही धरून चालले होते. पंधरा मिनिटं उकळूनही चाळीसेक टक्के उरू शकतं. एका गरोदर मैत्रिणीने बरणी उघडण्याआधी सहज विचारलं, "यात काय काय आहे गं?" आणि मी गारठले. तेव्हापासून प्रत्येक झाकणावर मोठ्या अक्षरात लिहिते: पोर्ट वाइन आहे, अमुक तारखेला भरलं. तिच्यासाठी द्राक्षरसात शिजवलेली बरणी वेगळी केली.