‘सराउंड’ की ‘एन्सर्कल’?

दोन्हींचा अर्थ शब्दकोशात ‘वेढणे, घेरणे’ असाच मिळतो, म्हणून मुलं एकाच्या जागी दुसरा शब्द टाकतात. मला ‘सराउंड’ जास्त आवडतो. त्याचं मूळ लॅटिनमध्ये ‘वरून वाहणे, पुराने भरणे’ या अर्थाच्या शब्दात आहे. त्यातला ‘उंडा’ म्हणजे लाट. ‘राउंड’शी त्याचं नातं नंतर जुळलं. म्हणूनच की काय, मुरूडच्या जंजिऱ्याला समुद्राने वेढलंय, हे सांगायला तो फार शोभतो. वेढा गोलच हवा असं नाही: ‘सराउंडेड बाय वॉटर ऑन थ्री साइड्स’ हे बरोबर इंग्रजी आहे. माया, गूढ, अफवा यांनीही माणूस ‘सराउंडेड’ असतो.

‘एन्सर्कल’मध्ये मात्र ‘सर्कल’ उघड दिसतं, कडं पूर्ण व्हावं लागतं. बोटातली अंगठी, कमरेभोवतीचा हात, किंवा नोव्हेंबर 1942 मध्ये स्टालिनग्राडला सोव्हिएत फौजांनी जर्मन सहाव्या सैन्याभोवती आवळलेला फास. तीन बाजूंच्या पाण्याला हा शब्द चालत नाही. रोजच्या बोलण्यातही तो जरा जड वाटतो.

एक चूक हमखास होते: ‘सराउंड’नंतर ‘अराउंड’ जोडू नका. ‘ट्रीज सराउंड द हाउस’, एवढंच पुरतं.