बिच्छू घासचं सूत, गुहागरजवळचं २ दिवसांचं वर्कशॉप: ५ पैकी साडेतीन

तीन-चार जणींनी विचारलं कसं होतं म्हणून एकदाच लिहून टाकते. गुहागरजवळ एका होमस्टेत झालं, फी जेवणासकट ३५०० रुपये.

आधी एक गैरसमज, ही आपली खाजकुयली नव्हे, ती शेंग वेगळी. हे हिमालयातलं झाड, नेपाळात अल्लो म्हणतात, माणसाहून उंच वाढतं आणि अंगाला घासलं तर नुसती आग आग. पावसाळा सरला की देठ कापतात, मूळ जमिनीत राहतं ते पुढच्या वर्षी परत फुटतं, लावायची भानगड नाही. आम्हाला साल सोलून सुकवलेलीच मिळाली, त्यामुळे खाज वगैरे काही नाही, मी उगाच ग्लोव्हज घेऊन गेले.

पहिला दिवस सगळा चुलीपाशी. राखेच्या पाण्यात साल तासन्‌तास रटरटवायची. शिकवणारी ताई उत्तराखंडची, तिने राख मागितली तर होमस्टेवाल्या काकींनी न्हाणीच्या चुलीतली नारळाच्या सोडणांची राख बादलीभर आणून दिली, ताई खूश. मग दगडावर धोपटायचं, धुवायचं, परत धोपटायचं, हाताला नुसतं हिरवट बुळबुळीत काहीतरी लागत राहतं, वासही बराच येतो, आणि मग मध्येच कधीतरी बोटांत केसांसारखे लांब धागे सुटे होतात. माझे पैसे तिथेच वसूल झाले. धागे परत चिकटू नयेत म्हणून वरून पांढरी माती चोळतात, ती कमी पडली तर एक दादा म्हणाले गणपतीच्या शाळेतून (मूर्ती घडवतात तिथून) शाडू आणू का.

आमची आजी सोडणं खाडीत कुजत घालायची, सहा-आठ महिने तिकडे बघायचं नाही, मग कुटून काथ्या काढायचा नि मांडीवर सुंभ वळायचं. इथेही तेच, चिकट भाग घालवायचा नि धागा ठेवायचा, फक्त खाडीचं काम राख आणि विस्तव करतात. आणि काथ्या किती राठ, हे त्यामानाने फारच मऊ.

आता तक्रार. जाहिरातीत "कातणं आणि विणणं" लिहिलेलं, विणणं म्हणजे एक शाल दाखवली आणि तिची किंमत सांगितली, बस. कातायला दुसऱ्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर बसवलं, १४ जणांत ३ टकळ्या, दहा मिनिटं झाली की पुढच्याला द्या. नेपाळात बाया चालता चालता टकळीवर सूत कातत जातात म्हणे, माझा धागा बसल्या जागी दर वितीला तुटत होता. यात ताईची चूक नाही, ती एकेकीचा हात धरून शिकवत होती, चूक जास्तीची माणसं भरणाऱ्यांची. जाणार असाल तर आधी फोन करून टकळ्या किती ते विचारा, नाहीतर घरची घेऊन जा.

जेवण मात्र फर्स्टक्लास, कुळथाचं पिठलं दोनदा मागून घेतलं.

दोन दिवसांची माझी कमाई हातभर दोरा. पडवळ सरळ वाढावं म्हणून आईने त्याला दगड बांधून पडवळाला लटकवलाय, अजून तुटलेला नाही.