लॅक्स्टनचे माहिती केंद्र : कुंपणाआधीची शेती

नॉटिंगहॅमशरमधील लॅक्स्टन गावाचे हे केंद्र लहान आहे. तरीही इंग्लंडमधील सामाईक शेती समजून घ्यायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, कारण येथून निघून वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही कुंपणाविना, पट्ट्यापट्ट्यांनी कसली जाणारी शिवारे प्रत्यक्ष पाहता येतात. गव्हाच्या शिवाराची पाहणी दरवर्षी गावची ज्यूरी, म्हणजे पंचमंडळ, करते आणि हद्दीबाहेर नांगर घालणाऱ्याला दंड होतो.

इतरत्र, विशेषतः १७५० ते १८५० या काळात, संसदेच्या कायद्यांनी असे पट्टे आणि सामाईक गायराने एकत्र करून काटेरी झुडपांच्या कुंपणांत वाटले. सलग शेतांत टर्निप आणि क्लोव्हर ही चाऱ्याची पिके घेणे सोपे झाले खरे, पण गायरानाच्या आधाराने एखादी गाय राखणाऱ्या कित्येक गरिबांच्या हाती केवळ मजुरी उरली. हे नुकसान मला उत्पादनवाढीइतकेच महत्त्वाचे वाटते. शिवारफेरीसाठी चिखलात चालतील असे बूट न्यावेत.