सळई की तीन पट्ट्यांचा टॉवर?

हौशी मॉडेल रॉकेट सुटताना सरळ वर जावं म्हणून त्याला आधार लागतो. छोट्या रॉकेटला ३ मिमी जाडीची, मीटरभर स्टीलची सळई पुरते; रॉकेटला बाहेरून चिकटवलेली नळी तिच्यावरून सरकते. रॉकेट जड झालं की ती छडीसारखी लवते, अन् सुटतानाच दिशा बिघडते.

टॉवरमध्ये रॉकेटभोवती १२० अंशांवर तीन उभ्या ॲल्युमिनियम पट्ट्या असतात. मग ती नळी चिकटवायची गरज नाही, हवेचा अडथळा घटतो. पट्ट्या धरणाऱ्या खालच्या-वरच्या दोन्ही प्लेटींत लांबट खाचा पाडून विंगनट (हातानं आवळायचे नट) लावले, की पट्ट्या सरकवून २५ मिमी व्यासाचं रॉकेटही बसतं, ५०चंही. रॉकेट अन् पट्टीतली फट अर्धा-एक मिमी, वरखाली सारखी. वर आवळली तर रॉकेट अडकतंच. चार पंखांच्या रॉकेटसाठी टॉवर चार पट्ट्यांचाच करा.

मराठवाड्यातल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, टॉवरचा पाय त्यात जातो. खाली फळी टाका, ओळंबा धरा. नवख्यांनी आधी सळईच घ्यावी.