चाकं बाहेर काढली, भार एक्सलने सोसला: एटीव्हीच्या स्पेसरचा १४ महिन्यांचा अनुभव

रावेर तालुक्यात आमची केळी आहे. खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्या, कधी कापलेले घड रस्त्यापर्यंत आणायला एटीव्ही (कच्च्या वाटांवर चालणारी, हँडलची छोटी चारचाकी) घेतली. बांध उतरताना ती कलायची, म्हणून चारही चाकांना ४५ मिलिमीटरचे स्पेसर लावले, म्हणजे हब (चाक बोल्टने बसतं तो मधला भाग) आणि रिम यांच्यामधल्या, चाक बाहेर ढकलणाऱ्या जाड चकत्या. वर रिमही बदलल्या, ५+२ च्या जागी ४+३. हे आकडे इंचांत असतात: पहिला म्हणजे रिम हबवर टेकते तिथून आतली रुंदी, दुसरा बाहेरची. त्यामुळे नुसत्या रिमनेच चाक एक इंच बाहेर गेलं. स्पेसर धरून एका बाजूला ७० मिलिमीटर! ही बेरीज आधी करायला हवी होती.

बांधावर गाडी खरंच स्थिर झाली, ते नाकारणार नाही. पण पुढचं चाक दगडावर चढलं की हँडल हाताला हिसका देऊ लागलं. पाचव्या महिन्यात पुढच्या डाव्या चाकातून घुरघुर सुरू झाली. जॅक लावून चाक वर-खाली हलवलं तर टक टक वाजलं. बेअरिंग काढून बोटाने फिरवलं, तर आत वाळू भरल्यासारखी खरखर. मुळात चाकाची मधली रेघ बेअरिंगपासून जेमतेम १० मिलिमीटर बाहेर होती, ती ८० वर गेली होती. तेवढ्याच वजनाने बेअरिंगला पिळणारा जोर आठपट!

मिस्त्रींनी एका वाक्यात समजावलं: "भाऊ, घड छातीशी धरा आणि तोच हात लांब करून धरा, मनगट काय म्हणतं बघा."

मागे आमच्या गाडीला सरळ, एकसंध एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा. तिथे बेअरिंगपासून चाकाच्या मध्यापर्यंत ३५० मिलिमीटर होते, ते ४२० झाले. चाकावर १२० किलो धरले, तर वाकवणारा जोर (किलो गुणिले मीटर) ४२ वरून ५०.४, म्हणजे २० टक्के जास्त. हे गाडी उभी असताना. खड्ड्यात आदळली की कितीतरी वाढतो. इंजिनकडून येणारा पीळ मात्र स्पेसरने वाढत नाही, तो टायर मोठा केला तर वाढतो. ज्यांच्या गाडीला मागेही स्वतंत्र सस्पेन्शन आहे (प्रत्येक चाक वेगळं वर-खाली होतं), त्यांचा हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला ताकद देणारा दांडा, स्पेसरने वाकत नाही. तिथे मार खातात बेअरिंग आणि बॉल जॉइंट (चाक सस्पेन्शनला जोडणारे गोल सांधे).

पावसाळ्यानंतर गाडी स्टँडवर घेतली, एक्सलच्या टोकाजवळ खडू धरून चाक फिरवलं. रेघ एकाच बाजूला उमटली. एक्सल वाकला होता.

नवा एक्सल टाकला. चारही रिम मूळच्या ५+२ केल्या, पुढचे स्पेसर काढून टाकले, मागचे ठेवले, कारण बांधावर मला रुंदी लागतेच. घ्यायचेच असतील तर हबच्या गोलात घट्ट बसणारेच घ्या. नाहीतर चाक मध्यावर धरायचं काम एकट्या बोल्टांवर येतं. बसवल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळा. माझे चारपैकी दोन सैल निघाले होते.

गेल्या आठवड्यात पुन्हा खडू धरला. रेघ पूर्ण गोल आली.