नऊ महिने, आठवड्यातून तीन वेळा: डायलिसिस केंद्रातील सिस्टरांविषयी

गेले नऊ महिने मी मुंबईच्या मध्य उपनगरातील एका धर्मादाय रुग्णालयात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार असे तीन दिवस डायलिसिससाठी जाते. प्रत्येक वेळी चार तास लागतात, म्हणजे एव्हाना शंभराहून अधिक वेळा मी त्या खुर्चीत बसले आहे. केंद्राविषयी म्हणाल तर एसी फार गार असतो, पांघरूण पातळ आहे, सोबत आलेल्यांना बाकडी पुरत नाहीत आणि दुपारची पाळी क्वचितच वेळेवर सुरू होते. तो विषय मी इथेच संपवते, कारण हा अभिप्राय दुपारच्या पाळीतील एका सिस्टरांविषयी आहे. नाव छापू नका, असे त्यांनीच बजावले आहे.

मी सत्तावीस वर्षे एका सहकारी बँकेत रोखपाल होते, त्यामुळे माणूस गोड बोलतो की नाही यापेक्षा त्याची नोंद चोख आहे की नाही हे माझ्या आधी लक्षात येते. या सिस्टरांकडे एक साधी दोनशे पानी वही आहे. माझ्या डाव्या हातावर मागच्या खेपेला सुई कुठे टोचली, हे त्या तिच्यात हाताचे चित्र काढून टिपून ठेवतात आणि या वेळची सुई त्या जागेपासून थोडी दूर टोचतात, कारण एकाच ठिकाणी वारंवार टोचल्यास शिरेची भिंत कमकुवत होऊन तिथे फुगवटा येतो. रुग्णालयाच्या फाइलमध्ये असे चित्र नाही. ती वही त्यांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेली आहे.

सुरुवातीचे दोन महिने मानेतल्या नळीवर गेले. हातातली धमनी आणि शीर जोडून केलेला फिस्टुला तयार झाल्यावर पहिल्यांदा त्यात सुया घालायच्या होत्या, तेव्हा मी अक्षरशः थरथरत होते. दोन जाड सुया असतात, एकीतून रक्त यंत्राकडे जाते आणि दुसरीतून शुद्ध होऊन परत येते. सिस्टरांनी सुई हातात घेण्याआधी स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावला आणि त्याचे दुसरे टोक फिस्टुलावर ठेवले. सूं-सूं असा लयबद्ध आवाज येत होता. "ऐका काकू, ही तुमची लोकल. हिचा आवाज बंद झाला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा," असे त्या म्हणाल्या. तेव्हापासून रोज सकाळी दात घासण्याआधी मी हातावर बोटे ठेवून ती थरथर तपासते. त्या हाताने जड पिशवी उचलायची नाही आणि त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू द्यायचा नाही, हे त्यांनी माझ्या सुनेलाही समोर बसवून सांगितले.

गणपतीत माझे वजन दोन डायलिसिसच्या मध्ये साडेतीन किलोंनी वाढले. एक किलो म्हणजे अंगात साठलेले साधारण एक लिटर पाणी, हे मला ठाऊक होते आणि म्हणूनच मी काट्यावर चढायला कचरत होते. याआधी इतरांकडून मी चारचौघांत बोलणी खाल्ली आहेत. सिस्टरांनी फक्त आकडा लिहिला आणि हळूच विचारले, "आमटी की ताक?" दोन्ही, असे मी कबूल केले. सगळे पाणी एकाच दिवशी ओढले तर पोटऱ्यांत गोळे येतील, म्हणून डॉक्टरांशी बोलून त्यांनी उरलेले पुढच्या खेपेवर ठेवले. घरी गेल्यावर दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून भरून ठेवण्याची युक्तीही त्यांचीच. नारळपाणी पोटॅशियममुळे वर्ज्य आहे, हे मात्र मुंबईच्या मे महिन्यात पाळणे किती कठीण असते, ते ज्याचे त्यालाच ठाऊक.

एकदा डायलिसिस चालू असताना मी लागोपाठ दोन जांभया दिल्या. सिस्टर समोरच्या रांगेत दुसऱ्या रुग्णाची पट्टी बांधत होत्या; तिथूनच त्यांनी पाहिले, मदतनीस मावशींच्या हाती ती पट्टी देऊन त्या आल्या, खुर्ची आडवी करून त्यांनी माझे पाय वर घेतले, पाणी ओढणे थांबवले आणि सलाइन सोडले. रक्तदाब घसरू लागला की पुष्कळांना आधी जांभया येतात, हे मला नंतर कळले. यंत्राचा गजर अजून वाजलेलाही नव्हता.

चुका इथेही होतात. एकदा त्या रजेवर असताना सुई शिरेबाहेर गेली आणि हात कोपरापर्यंत काळानिळा झाला. परतल्यावर त्यांनी कोणाला दोष दिला नाही. वहीतल्या चित्रावर तेवढ्या भागाला लाल रेघ मारून दोन आठवडे तिथे सुई टोचू दिली नाही.

पावसाळ्यात लोकल बंद पडल्या, त्या दिवशी सकाळी सातलाच त्यांचा फोन आला. आदल्या रात्री त्या घरी गेल्याच नव्हत्या. "आज निघू नका, उद्या पहाटे यायचं. तोवर फळं नाही, डाळ नाही आणि पाणी अर्धा लिटर." असे फोन त्यांनी आमच्या पाळीतल्या सगळ्यांना केले होते.

गेल्या महिन्यापासून त्यांची बदली सकाळच्या पाळीत झाली आहे. मीही अर्ज देऊन पाळी बदलून घेतली आहे. पहाटे पावणेपाचला उठावे लागते आणि त्या वेळी एसी अधिकच गार असतो, म्हणून घरून गोधडी नेते.