गाडीतला फ्रिज: दिवाळी ते मे, कोकण किनाऱ्यावरचा अनुभव

आमच्या ह्यांना इन्सुलिन सुरू आहे आणि आम्हा दोघांनाही किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी घेऊन भटकायचं वेड आहे. दोन्ही एकत्र जमावं म्हणून दिवाळीत २२ लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घेतला. किंमत वीस हजारांच्या घरात. कंपनीचं नाव देत नाही, कारण याच साच्यातले डबे निरनिराळ्या नावांनी मिळतात आणि आतलं यंत्र थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

याआधी आम्ही पाण्यात भिजवून वापरायची ती औषधाची पिशवी नेत होतो. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये ती झकास चालते. श्रीवर्धनच्या खाली उतरलं की तिचा जीव जातो. पाणी उडून गेलं तरच गारवा येणार, आणि तिथल्या दमट हवेत पाणी उडायचं नावच घेत नाही. कोकणात माठातलं पाणी कधी पुण्यासारखं गार लागलंय का? तसंच. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. वापरातलं पेन (इन्सुलिन टोचायचं, लेखणीसारखं) बहुतेक प्रकारांत ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं (प्रकाराप्रमाणे फरक पडतो, सोबतचा कागद वाचा). पण मे महिन्यात मालवणला दुपारी सावलीतसुद्धा पारा ३० अंशांच्या खाली येत नाही, म्हणून वापरातल्या पेनाचीही काळजी.

फ्रिज घेताना एक गोष्ट नीट बघा. अर्ध्याहून कमी किमतीत 'गरमही करतो, गारही करतो' असले डबे मिळतात. त्यांत कॉम्प्रेसर नसतो. बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जातात. उन्हात बंद ठेवलेली गाडी आतून ५० अंशांच्या वर सहज तापते. उरलेलं गणित तुम्हीच करा. थंड पाण्याच्या बाटल्यांपुरते ठीक, औषधाला नाहीत.

आता आतल्या तापमानाबद्दल, कारण दुकानदार हे सांगत नाही. आम्ही ५ अंशांवर ठेवतो. पडद्यावर ५ दिसतं, पण आत दुसरा थर्मामीटर टाकून बघितला तर तळाशी, भिंतीला लागून १ अंश आणि वर सात-आठ. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं, त्यामुळे तळाची जागा औषधाला बाद. कॉम्प्रेसरच्या वर आत एक उंच पायरी असते, तिथे स्टीलच्या छोट्या डब्यात नॅपकिन गुंडाळून पेनं ठेवतो. तिथला काटा चार ते सात यांच्यात राहतो. भिंतींवर दमटपणामुळे बर्फाचा पापुद्रा धरतो. खाली पाणी काढायला बूच नाही, रोज सकाळी फडक्याने टिपून घ्यायचं.

विजेचं काय, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. कॉम्प्रेसर चालू असताना ४५ ते ६० वॅट खातो. गाडीच्या पुढच्या सॉकेटची वायर बारीक, त्यात व्होल्टेज पडतं. बॅटरी ठणठणीत असूनही फ्रिजला ती उतरल्यासारखी वाटते आणि तो स्वतःला बंद करतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीपासून मागे जाड वायर ओढून, फ्यूज टाकून वेगळं सॉकेट करून घेतलं, तेव्हापासून ही कटकट नाही. तरी रात्रभर गाडीत चालू ठेवायचा नाही. छोट्या गाडीच्या बॅटरीतून दहा तासांत निम्मी वीज जाईल. मुक्कामाला उचलून खोलीत न्यायचा आणि अडॅप्टरवर लावायचा. हे करताना याचं वजन कळतं. रिकामाच दहा-अकरा किलो, आणि कोकणातली खोली हटकून माडीवर.

मेच्या सफरीत बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे आणि तवसाळहून जयगड अशा तिन्ही फेरीबोटी घेतल्या. दाभोळला रविवारची रांग लागलेली, गाडी बंद, डोक्यावर ऊन. जाड वायर असल्यामुळे फ्रिज चालूच होता. वायर नसती तरी, झाकण न उघडता तासाभरात दोन-तीन अंशच चढतो, हे घरी बघून ठेवलं होतं. ह्यांना मात्र दर दहा मिनिटांनी झाकण उघडून खात्री करायची असते. "अहो, आकडा बाहेर दिसतोय, उघडता कशाला?" हे वाक्य रेवदंड्यापासून रेडीपर्यंत म्हणून झालंय.

गुहागरच्या मुक्कामी काकू म्हणाल्या, "वहिनी, एवढं ओझं वर कशाला नेताय? आमच्या फ्रिजात ठेवा की." त्या रात्री वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली ती पहाटे आली. आमचा डबा तोवर अकरा अंशांवर गेला होता. लाइट आल्यावर आपोआप आधीच्याच आकड्यावर सुरू झाला. ही सोय आहे की नाही, ते घेण्याआधी प्लग काढून-लावून तपासा.

तक्रारी आहेत. प्लग सैल आहे. आरे-वारेच्या गुळगुळीत रस्त्यावर काही नाही, पण पावस सोडून पूर्णगडकडे खड्ड्यांत तो हळूहळू बाहेर सरकला. वीजच नाही म्हटल्यावर इशाऱ्याची पीं-पीं तरी कुठून वाजणार? आता तो कापडी पट्टीने बांधते. दुसरं, हवेच्या जाळीजवळ चार बोटं मोकळी जागा लागते. बॅगा अंगावर रचल्या की कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि मागची सीट तापते.

मासळीचा मोह होतो. हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघून रिकाम्या हाताने परतणं कठीण. आमच्याकडे नियम आहे, बांगडा-सुरमई बर्फ घातलेल्या साध्या थर्माकोलच्या पेटीत, फ्रिजमध्ये नाही. वास रबराच्या कडेत बसला की व्हिनेगरनेही जात नाही. देवगडचा हापूसही यात घालू नका. अढीतला कच्चा आंबा इतक्या थंडीत धड पिकत नाही. सोलकढी मात्र दुसऱ्या दुपारपर्यंत उत्तम राहते, एरवी नारळाचं दूध त्या उकाड्यात संध्याकाळीच आंबतं.

शनिवार-रविवारपुरते जाणार असाल आणि औषधाचा प्रश्न नसेल, तर बर्फाची पेटी पुरे, वीस हजार वाचवा. घेतलाच तर पहिल्याच आठवड्यात बिजागरीचे स्क्रू बदला. खाऱ्या हवेने आमचे मूळ स्क्रू तांबूस पडले, झाकण कुरकुरायला लागलं. त्याच मापाचे स्टेनलेस स्टीलचे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, घरी पान्याशिवाय साध्या स्क्रूड्रायव्हरने बसतात.